दिव्याची जागा

फॉर्मवर एकतीस प्रश्न होते,
मुली चौदा, वयं तेरा ते सतरा,
आणि मी मधली बाई,
इकडचं बोलणं तिकडे नेणारी, तासाच्या बोलीवर.

कासुबाबाई लुसाकाहून आल्या, पूर ओसरल्यावर.
वाळूत रुतलेली जीप आम्हीच ढकलली.
त्यांच्या बुटांत झांबेझीचा गाळ
आणि फायलीत मंजूर झालेला
एक सौर दिवा. खांबासकट. एकच.

पहिला प्रश्न : तुम्हाला तुमचे हक्क ठाऊक आहेत का?
मी अडखळले.
आमच्या लोझीत हक्काला जो शब्द, स्वानेलो,
तोच कर्तव्यालाही.
मिळायला हवं ते, आणि करायला हवं तेही,
एकाच शेंगेतले दोन दाणे.
माझ्या ओंजळीत आजवर एकच पडला.
पाणी आण, स्वानेलो.
सोळाव्या वर्षी ज्याच्या होडीत बसवून दिलं
त्याच्या आईचे पाय चेप, स्वानेलो.
शेंगेत दुसराही असतो
हे मला एकेचाळिसाव्या वर्षी कळलं,
मजुरीवर दुसऱ्यांचं बोलणं वाहताना.

नालिशेबो म्हणाली, फॉर्म राहू दे, मावशी.
काठी घेतली आणि वाळूत गाव काढलं :
शाळा, दवाखाना,
कुटा भरतो ते झाड, होड्यांचा धक्का.
म्हणाली, जिथे भीती वाटते
तिथे माशाचं हाड ठेवा.

हाडं शाळेच्या वाटेवर पडतील
असं कासुबाबाईंना वाटलं होतं.
अहवालात ती ओळ आधीच टाइप केलेली.
तिथे पडली दोन.
एक पाणवठ्यावर
(मगर, म्हणाली धाकटी सेपिसो, आणि सगळ्या हसल्या).
उरलेली सगळी धक्क्यावर,
एकावर एक, चुलीशेजारी राख साठावी तशी.

पहाटे आया मुलींना मासळी आणायला धाडतात.
आधी कुणाला द्यायची ते होडीवाला ठरवतो,
आणि भाव दर वेळी क्वाचांत नसतो.

हे मी लगेच तिकडे नेलं नाही.
त्या होडीवाल्यांत माझा दीर आहे.
कासुबाबाई पेन धरून थांबल्या.
मुली माझ्या तोंडाकडे बघत होत्या.
मग नेलं. सगळं. भावासकट.

मग दिवा धक्क्यावर लावू, कासुबाबाई लिहू लागल्या.
तेव्हा नामासिकू बोलली,
रात्री जन्मली म्हणून रात्रीचंच नाव मिळालेली,
सकाळपासून तोंड न उघडलेली :

"आमच्यावर नको.
आम्ही कुठे उभ्या असतो
ते त्यांना अंधारातही सापडतं.
खांबाचं तोंड फिरवा.
होड्यांवर पडू दे उजेड,
तराजूवर, त्यांच्या चेहऱ्यांवर.
आणि तराजूपाशी आमच्यातल्या दोघी बसतील,
वही घेऊन. पाळीपाळीने."

याला फॉर्ममध्ये रकाना नव्हता.
कासुबाबाईंनी कागद उलटला,
मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत राहिल्या,
मधूनच मला थांबवत : हळू, हळू सांगा.

दोघी कोण, विचारलं
तर हात चौदा.
पण कुटासमोर गुडघे टेकून, टाळ्या वाजवून
हे मांडायला कुणीतरी मोठं हवं.
सगळ्या माझ्याकडे वळल्या.
मी म्हटलं, अगं, माझं काम फक्त
इकडचं तिकडे...

"स्वानेलो, मावशी," नालिशेबो म्हणाली.
कुठला दाणा, ते सांगितलं नाही.

कुटाने एक महिना दिलाय. बघू म्हणतात.
दीर माझ्या अंगणातून जाताना
पलीकडे बघत जातो.
खांब जरा तिरपा बसलाय, पण तोंड बरोबर आहे.
वहीत पहिल्या पहाटेची नोंद :
ब्रीम, सहा किलो. भाव क्वाचांत.
खाली नामासिकूची सही, अक्षर वाकडं,
आणि पानाला चिकटलेला
एक खवला.